निधी थांबल्यावर मुलींच्या तस्करीविरोधी कामाचे काय करायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यात मुली आणि तरुणींच्या तस्करीविरोधात काम करणारे कार्यकर्ते, अंगणवाडी सेविका, बचत गटांच्या अध्यक्षा आणि अधूनमधून एखादे सरपंच आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची परदेशी मदत थांबली, तेव्हापासून निधीविषयीच्या प्रश्नांत भर पडली आहे. मात्र निधी थांबायला एवढे मोठे कारण लागतेच असे नाही. पुष्कळ प्रकल्प केवळ ठरलेली मुदत भरली म्हणून संपतात.

१. निधी संपला म्हणजे कार्यक्रमातले नेमके काय संपते?

पगार, प्रवासखर्च, कार्यालयाचे भाडे आणि प्रशिक्षणांचा खर्च संपतो. अंगावर घेतलेली जबाबदारी मात्र संपत नाही, आणि गोंधळ होतो तो इथेच. म्हणून कामाचे तीन भाग वेगळे करून पाहावेत, असा आमचा आग्रह असतो. ज्या मुली आज संस्थेच्या आधाराने उभ्या आहेत त्यांचा निवारा, उपचार, शिक्षण आणि खटला हा पहिला भाग. तो पैशाशिवाय चालत नाही आणि मध्येच सोडताही येत नाही. गावातून कोण कोणाला नोकरीचे किंवा लग्नाचे आमिष दाखवून नेत आहे यावर लक्ष ठेवणे हा दुसरा. त्याला पैसा थोडा आणि माणसे पुष्कळ लागतात. पोलीस, बालकल्याण समिती आणि पंचायत यांच्याकडे पाठपुरावा करणे हा तिसरा. त्याला एक चिवट माणूस पुरतो. मेळावे, पथनाट्ये आणि ३० जुलैची (जागतिक मानवी तस्करीविरोधी दिनाची) फेरी या गोष्टी सर्वांत आधी सोडाव्यात. प्रत्यक्षात संस्था त्याच शेवटपर्यंत धरून ठेवतात, कारण अहवालात छायाचित्रे त्यांचीच जातात.

२. तयारी केव्हा सुरू करावी?

मुदत संपण्याच्या किमान वर्षभर आधी. देणगीदाराकडे दोन मागण्या वेळेत कराव्यात: शेवटच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात हस्तांतरणाचा खर्च स्वतंत्र दाखवू द्यावा, आणि शिल्लक रकमेतून काही महिन्यांची मुदतवाढ द्यावी. दुसरी मागणी अनेकदा मान्य होते, पण ती शेवटच्या आठवड्यात केली तर होत नाही. तारखेकडेही लक्ष हवे. आर्थिक वर्षाप्रमाणे प्रकल्प ३१ मार्चला संपतो. नेमक्या त्याच सुमारास परीक्षा संपतात, यात्रा-जत्रा आणि लग्नसराई सुरू होते, ऊसतोड टोळ्या परतीच्या वाटेला लागतात आणि दहावी-बारावीनंतर घरी बसलेल्या मुलींना 'कामाला लावतो' म्हणणारी माणसे वाड्या-वस्त्यांवर फिरू लागतात. शक्य असेल तर शेवटचा हप्ता जूनअखेरपर्यंत पुरेल अशी आखणी करावी.

३. सरकारी यंत्रणेत कोणते काम कोणाकडे सोपवायचे?

अठरा वर्षांखालील मुलीचे संरक्षण ही बालकल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांची जबाबदारी आहे. सज्ञान स्त्रीला तातडीची मदत सखी वन स्टॉप सेंटरमध्ये मिळते. दीर्घ मुक्कामाच्या निवाऱ्यासाठी केंद्राच्या मिशन शक्तीअंतर्गत शक्ती सदन आहे, ज्यात २००७ पासून चालत आलेली उज्ज्वला योजना आणि स्वाधार गृह योजना विलीन झाल्या. तपासासाठी पोलिसांचा अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष आहे. ग्रामीण भागात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकांवर, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांवर आहे. तातडीच्या वेळी १०९८ (बालकांसाठी), १८१ (महिलांसाठी) आणि ११२ (कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी) हे क्रमांक आहेतच.

तथापि, पत्र देऊन पोच घेतली म्हणजे काम सोपवले असे होत नाही. १०९८ ची सेवा अनेक वर्षे स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांनी चालवली आणि २०२३ पासून ती शासकीय यंत्रणेकडे येऊन ११२ शी जोडली गेली. क्रमांक तोच राहिला. कोणत्या बसस्थानकावर कोणता चहावाला खबर देतो ही माहिती क्रमांकाबरोबर आपोआप जात नाही, ती समोरासमोर बसूनच द्यावी लागते. म्हणून किमान तीन महिने जुना कार्यकर्ता आणि नवा जबाबदार कर्मचारी यांनी जोडीने काम करावे. पत्रव्यवहार व्यक्तीच्या नव्हे, पदाच्या नावाने करावा, कारण साहेब बदलून जातात. आणि जिल्हास्तरीय बैठकीच्या इतिवृत्तात विषय नोंदवला जाईल असे पाहावे. इतिवृत्तात आलेल्या विषयावर पुढच्या बैठकीत विचारणा करता येते, तोंडी आश्वासनावर येत नाही.

४. आमच्या गावातली ग्राम बाल संरक्षण समिती कागदावरच आहे. ती चालती कशी करायची?

समितीत सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सदस्य सचिव असतात; पोलीस पाटील, मुख्याध्यापक आणि आशा ताई यांना धरून ती उभी राहते. संस्था असताना बैठकीची सूचना, अजेंडा आणि चहापाणी सगळे संस्थाच करते, त्यामुळे समितीला स्वतःहून बसायची सवयच लागत नाही. शेवटच्या वर्षी संस्थेने मुद्दाम मागे सरावे आणि सूचना अंगणवाडी सेविकेच्या सहीनेच निघू द्यावी. बैठक रडतखडत झाली तरी चालेल.

समितीकडे एकच वही द्यावी: कामासाठी, शिक्षणासाठी किंवा लग्न होऊन गावाबाहेर गेलेल्या मुलींची. छापील रकान्यांचे भारी रजिस्टर नको, साधी दोनशे पानी वही पुरे. नमुन्याची एक नोंद पाहा: 'वय १९, बारावी. पुण्यात कपड्यांच्या दुकानात काम. नेणारी बाई मावशीच्या ओळखीची. दुकानाचे नाव सांगता आले नाही. आईच्या हातात पाच हजार आगाऊ दिले.' काम करण्याआधीच घरात आगाऊ रक्कम आली आहे आणि कामाच्या जागेचे नाव कोणालाच माहीत नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या की त्याच दिवशी चौकशी करायची. नेणाऱ्या व्यक्तीचा मोबाइल क्रमांक, आधार कार्डाची प्रत आणि पोहोचल्यावर मुलीशी स्वतः बोलण्याचा दिवस एवढे मागितले, तरी ज्याच्या मनात काळेबेरे आहे तो पुष्कळदा तिथूनच काढता पाय घेतो. या वहीला पैसे लागत नाहीत. लागते ती महिन्यातून एकदा ती उघडून शेवटच्या नोंदींवर फोन करणारी बाई. उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) ग्रामसंघातील समुदाय संसाधन व्यक्ती हे काम उत्तम करू शकते, कारण ती तशीही घरोघर जातच असते.

५. अशा वहीमुळे मुलींच्या घराबाहेर पडण्यावरच बंधने येणार नाहीत का?

येऊ शकतात, आणि हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. वहीचा उपयोग 'अमक्याची पोरगी कुठे गेली' अशा चर्चेसाठी झाला, तर मुली माहिती दडवतील आणि तस्करांचे काम आणखी सोपे होईल. म्हणून चौकशी मुलीची नको, नेणाऱ्याची आणि कामाच्या जागेची हवी. वही चावडीवर पडून राहू नये, सदस्य सचिवांच्या कुलपात असावी. सज्ञान मुलीची नोंद तिला विचारून, तिच्यासमोर करावी. नको म्हणाली तर करू नये, पण १८१ आणि ११२ हे क्रमांक तिच्याकडे असतील असे पाहावे.

६. ग्रामपंचायतीकडून पैसे मिळू शकतात का?

मिळू शकतात, पण अपेक्षा बेताची ठेवावी. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करायची असते. शिरोली किंवा उजळाईवाडीसारख्या, औद्योगिक पट्ट्याला लागून असलेल्या गावांत ही रक्कम बऱ्यापैकी होते. गगनबावडा किंवा शाहूवाडीतील छोट्या पंचायतीचे स्वउत्पन्नच तुटपुंजे, त्याच्या दहा टक्क्यांत फार काही बसत नाही. मागणी आधी महिला सभेत आणि मग ग्रामसभेत ठराव करून ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालावी. 'बालस्नेही गाव' आणि 'महिलास्नेही गाव' या संकल्पनांखाली ती नीट बसते. एखाद्या मुलीचा तालुक्यापर्यंतचा प्रवास, समुपदेशकाची फेरी, किशोरींचे प्रशिक्षण असे छोटे आणि ठोस खर्च मागावेत. पगार मागू नये.

७. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथे एवढे उद्योग आहेत. सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीतून) कार्यक्रम चालणार नाही का?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीलाच सीएसआर बंधनकारक आहे. लहान फाउंड्रीच्या मालकाला तसे बंधन नाही. तो देईल ते स्वेच्छेने देईल. हा निधी घेण्यासाठी संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी हवी. मुलींचे वसतिगृह, कौशल्य प्रशिक्षण, शिक्षण यांना कंपन्या पैसे देतात. छापा, खटला, साक्षीदार असे शब्द प्रस्तावात दिसले की हात आखडता घेतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण त्यामुळे सीएसआर हा कार्यक्रमाच्या एका भागाचाच आधार होऊ शकतो आणि तोही ठरावीक मुदतीपुरता, हे ध्यानात ठेवावे.

साखर कारखाने, दूध संस्था आणि पतसंस्था यांच्याविषयीही विचारणा होते. सहकारी संस्थांना नफ्यातून धर्मादाय कामासाठी रक्कम बाजूला काढता येते. या जिल्ह्यात सहकाराचे जाळे गावोगाव आहे, त्यामुळे वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी संचालकांना भेटावे. पैशांपेक्षा अनेकदा त्यांच्याकडून खोली, वाहन किंवा एखाद्या मुलीला नोकरी मिळणे अधिक उपयोगाचे असते.

८. पगार थांबले. कार्यकर्त्यांनी स्वयंसेवक म्हणून काम चालू ठेवावे का?

गावातील लक्ष ठेवण्याचे काम, हो. मुलींचे समुपदेशन, न्यायालयात सोबत, रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात धावणे ही कामे फुकट करून घेऊ नयेत. ती करणाऱ्या बहुतेक स्त्रिया स्वतःच ओढाताणीत असतात. 'ताई, तुम्ही तर समाजसेवा करता' म्हणत त्यांना राबवणे हा आपल्या क्षेत्राचा जुना दोष आहे. कमी माणसे ठेवावीत, पण ठेवली त्यांना मानधन द्यावे. कोल्हापुरातील सायबर या शिक्षणसंस्थेच्या समाजकार्य विभागासारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांची क्षेत्रकार्यासाठी मदत घेता येते, मात्र त्यांच्याकडे एखाद्या मुलीचे संपूर्ण प्रकरण सोपवू नये; सत्र संपले की ते जातात आणि मुलीला पुन्हा एकदा कोणीतरी सोडून गेलेले असते.

९. निवारागृह बंद करावे लागत आहे. मुलींना घरी पाठवले तर चालेल का?

संस्थेच्या निर्णयाने, नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ खाली ठेवलेल्या मुलीला हलवण्याचा किंवा घरी सोडण्याचा आदेश बालकल्याण समितीच देऊ शकते. सज्ञान स्त्री अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम १९५६ खाली दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ठेवलेली असेल, तर हलवण्यासाठीही त्यांचाच आदेश लागतो. बंद करण्याचा विचार ठरताच समिती आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकारी यांना लेखी कळवावे. घरच्या चौकशीचा अहवाल घाईत उरकू नये: मुलीला विकण्यात घरातल्याच कोणाचा हात असेल, तर 'आईवडील न्यायला आले' हे पुनर्वसन ठरत नाही. घरी जाणाऱ्या आणि आर्थिक आधाराची गरज असलेल्या मुलीसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज निघण्यापूर्वीच भरून घ्यावा.

१०. मुलगी अठरा वर्षांची झाली आणि त्याच महिन्यात प्रकल्प संपला. आता?

अठरा पूर्ण झाल्यावर अनुरक्षणाची (बालगृहातून बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची) तरतूद आहे, आणि अनुरक्षण गृहाची सोय सामान्यतः एकविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकते. तिचे आधार कार्ड, बँक खाते, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला तिच्या स्वतःच्या हातात आहे का, हे आधी पाहावे. संस्थेच्या कपाटात राहिलेला दाखला नंतर काढून देणारे कोणी उरत नाही.

११. खटला अजून चालू आहे. साक्षीच्या वेळी संस्था नसेल तर काय करावे?

तस्करीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ खाली येतो. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्या भारतीय दंड विधानाच्या कलम ३७० खालीच चालतील. साक्ष कधीकधी काही वर्षांनी होते, तोवर मुलीचे लग्न झालेले असते, सासरी काही माहीत नसते आणि समन्स घेऊन पोलीस दारात उभे राहतात. हे टाळण्यासाठी संस्था बंद होण्यापूर्वी सरकारी वकील आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांना प्रत्येक खटल्याची यादी द्यावी आणि समन्स कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पद्धतीने पोहोचवावे हे मुलीच्या संमतीने नोंदवावे. तस्करीच्या पीडितेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. गुन्ह्यात बलात्कार किंवा बालकावरील लैंगिक अत्याचार असेल, तर राज्याच्या मनोधैर्य अर्थसाहाय्य योजनेचा अर्ज प्राधिकरणामार्फतच जातो. धमक्या येत असतील, तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करावा. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यामुळे अपिलासाठी मुंबईच्या खेपा वाचल्या आहेत. निधीविना काम करणाऱ्याला ही सोय मोठी आहे.

१२. जुन्या फाइली, छायाचित्रे आणि मुलाखतींची ध्वनिमुद्रणे यांचे काय करायचे?

ज्या मुलीचे प्रकरण चालू आहे तिची फाइल सक्षम यंत्रणेकडे, पानांवर क्रमांक घालून, यादीवर सही घेऊन द्यावी. मुलीची ओळख उघड करणे बाल न्याय अधिनियम, पोक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायदा) आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ यांखाली गुन्हा ठरू शकते. संस्था बंद झाली म्हणून हे बंधन सुटत नाही. खरा धोका कपाटापेक्षा मोबाइलमध्ये असतो. माजी कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप गटांत मुलींची नावे, छायाचित्रे, प्रथम माहिती अहवालाची पाने पडून असतात. शेवटच्या दिवशी सर्वांनी एकत्र बसून ती काढून टाकावीत आणि तसे लिहून द्यावे.

१३. परदेशी निधीतून घेतलेली गाडी आणि उरलेली रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येईल का?

परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास परदेशी देणग्यांच्या कायद्यातील (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीने मनाई आहे; दुसऱ्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी असली तरी. संस्था निष्क्रिय होत असेल, तर अशा मालमत्तेची विल्हेवाट कशी लावायची हे केंद्र सरकार ठरवू शकते. त्या वर्षी एक रुपया आला नसला तरी वार्षिक विवरणपत्र भरावेच लागते. स्थावर मालमत्ता असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्री नाही. यात सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा. फी वाचवण्याची ही जागा नव्हे.

१४. ऊसतोड टोळ्यांतील मुलींचे काम हंगामापुरतेच असते. ते कोणाकडे सोपवायचे?

हे सर्वांत अवघड हस्तांतरण आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेली टोळी शिरोळ किंवा हातकणंगल्याच्या फडात काही महिने असते, कोप्यांत राहते आणि मग निघून जाते. बारा-तेरा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळायला आलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, या हिशेबाने तिचे लग्न लवकर लावण्याचा दबाव घरावर असतो आणि उचल घेतलेल्या बापाला मुकादमाला नाही म्हणता येत नाही. येथे कोल्हापूरच्या यंत्रणेकडे कागद देऊन भागत नाही. मुलीच्या मूळ जिल्ह्यातील बाल संरक्षण कक्ष आणि तिची शाळा यांना हंगाम संपण्यापूर्वीच कळवावे लागते. कारखान्याच्या शेती विभागाकडे टोळ्यांची माहिती असते. तेथील चिटबॉय (फडात तोडीच्या चिठ्ठ्या पाहणारा कर्मचारी) या कामात कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

१५. मुलगी निपाणी, बेळगाव किंवा गोव्यात सापडली तर जबाबदारी कोणाची?

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. बेपत्ता मुलगी अठराच्या आतली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशांनुसार अपहरण किंवा तस्करी गृहीत धरूनच गुन्हा नोंदवायचा आहे, मग ती प्रियकराबरोबर गेली असे घरचे म्हणत असले तरी. प्रेमाचे की फसवणुकीचे, हे ती सापडल्यावर ठरवता येते. सापडलेल्या बालिकेला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. पुढची व्यवस्था प्रश्न ३ आणि ९ प्रमाणे.

१६. देवदासी प्रथा बंद झाली आहे. त्यावर अजून खर्च कशाला?

करवीर संस्थानात राजर्षी शाहूंनी १९२० मध्येच या प्रथेविरुद्ध कायदा केला, १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासी परिषद भरली, कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये कायदा केला. कायदा आहे म्हणून लक्ष काढून घ्यावे असे आम्हाला वाटत नाही. मात्र स्वतंत्र प्रकल्पाची गरज आता कमी आहे. गडहिंग्लज, चंदगड, कागल या पट्ट्यात सौंदत्तीच्या यल्लमा देवीच्या यात्रेच्या आधी प्रश्न ४ मधील समितीची एक बैठक घ्यावी आणि जुन्या देवदासी भगिनींच्या नातींची शाळा सुटलेली नाही ना, हे पाहावे.

१७. सुटका केलेली स्त्री सज्ञान आहे आणि 'मला परत जायचे आहे' म्हणते. नव्या देणगीदाराला मात्र सुटकांची संख्या हवी आहे.

हे दोन प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी विचारले होते, पण ते एकमेकांत गुंतलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार, स्वेच्छेने देहविक्रय करणाऱ्या सज्ञान स्त्रीला छाप्यात अटक, दंड किंवा छळ होता कामा नये, आणि सज्ञान स्त्रियांना निवारागृहांत त्यांच्या इच्छेविरुद्ध ठेवले असल्यास त्यांच्या सुटकेचा विचार व्हायला हवा. अर्थात 'इच्छा' तपासावी लागते: कर्ज, मारहाण, मूल अडकवून ठेवणे यांपैकी काही मागे आहे का, हे दलाल आसपास नसताना, एकापेक्षा अधिक भेटींत विचारावे. तरीही ती ठाम असेल, तर संपर्क क्रमांक द्यावा, आरोग्य तपासणीची सोय सांगावी आणि तिला जाऊ द्यावे; दंडाधिकाऱ्यांचा आदेश असेल, तर प्रश्न ९ प्रमाणे.

संख्या मागणाऱ्या देणगीदाराच्या अटी मान्य केल्या, तर हीच स्त्री 'एक सुटका' म्हणून मोजली जाते, आणि पुढच्या तिमाहीत परत सापडली तर दुसरी. करारापूर्वीच लेखी कळवावे की संस्था सुटकांचे उद्दिष्ट स्वीकारणार नाही आणि मुलींची छायाचित्रे देणार नाही. मोजायचेच असेल, तर किती मुली वर्षभरानंतरही संपर्कात आहेत, किती साक्षी पूर्ण झाल्या आणि किती गावांतील वही गेल्या महिन्यात उघडली गेली, हे मोजावे. याला देणगीदार तयार नसेल, तर त्या पैशाविना, प्रश्न १ मधील दुसरा आणि तिसरा भागच चालवावा, आणि पहिल्या भागात नवी मुलगी दाखल करून घेऊ नये.